हितसंबंधी गटांचा अमेरिकन सिद्धांत आणि सोयाबीन उत्पादक शेतकरी : नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

राज्यशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमात 'विचारप्रणाली', 'लोकमत' आणि 'दबावगट' ही तीन प्रकरणे अनेक वर्षांपासून शिकविली जातात. या तिन्ही प्रकरणांतील बहुतेक संकल्पना अमेरिकन राजकारणाच्या अभ्यासातून आलेल्या आहेत. व्यापारी संघ, कामगार संघटना, शेतकऱ्यांचे संघ, व्यावसायिकांच्या संस्था असे दबावगटांचे वर्गीकरण विद्यार्थी पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि गुण मिळवितात. काही वर्षांपूर्वी हेच प्रकरण शिकवीत असताना बी.ए. तृतीय वर्षातील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, माझे वडील पाच एकरांत सोयाबीन घेतात. ते यांपैकी कोणत्या गटात बसतात?" 'शेतकऱ्यांच्या दबावगटात' असे उत्तर मी दिले, परंतु ते उत्तर मला स्वतःलाच पटले नव्हते. त्या विद्यार्थ्याचे वडील कोणत्याही शेतकरी संघटनेचे सभासद नव्हते. ते ज्या मोंढ्यात माल नेत होते, तेथील भाव ठरविण्यात त्यांचा काही वाटा नव्हता. मात्र त्यांच्या गावातून आरक्षणाच्या मोर्चाला वाहने भरून गेली होती आणि त्यांपैकी एकात ते स्वतः होते.

प्रस्तुत लेख या प्रश्नाच्या अधिक प्रामाणिक उत्तराचा प्रयत्न आहे. नांदेड व लातूर जिल्ह्यांत खरिपातील प्रमुख नगदी पीक म्हणून सोयाबीनने जागा घेतली आहे. लातूरची बाजारपेठ सोयाबीनच्या देशातील महत्त्वाच्या बाजारपेठांमध्ये गणली जाते. असे असताना या पिकावर अवलंबून असणारा एवढा मोठा समूह राजकीयदृष्ट्या प्रभावी हितसंबंधी गट का होऊ शकला नाही, हा या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

१) हितसंबंधी गटांविषयीच्या प्रमुख अमेरिकन मांडणीचा थोडक्यात परामर्श घेणे.
२) नांदेड व लातूर जिल्ह्यांतील अनुभवाच्या आधारे या मांडणीची उपयुक्तता व मर्यादा तपासणे.
३) विचारप्रणाली, लोकमत व हितसंबंधी गट या तीन घटकांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.

लेखासाठी वर्णनात्मक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे. येथे सर्वेक्षण केलेले नाही. त्यामुळे मतदारांच्या मनातील हेतूंविषयी केलेली विधाने ही अनुमाने आहेत, याची वाचकांनी नोंद घ्यावी.

सिद्धांताची मांडणी :

समाजात गट असणारच आणि त्यांचे हितसंबंध परस्परविरोधी असणारच, ही गोष्ट जेम्स मॅडिसन यांनी १७८७ मध्ये 'फेडरलिस्ट' लेखमालेतील दहाव्या लेखात गृहीत धरली होती. गट नाहीसे करता येत नाहीत. गटांची संख्या वाढली की कोणताही एक गट सर्वांवर वर्चस्व गाजवू शकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. आर्थर बेंटले यांनी १९०८ मध्ये राजकारणाच्या अभ्यासाचा केंद्रबिंदू शासनसंस्थेकडून गटांकडे वळविला. डेव्हिड ट्रुमन यांनी १९५१ मध्ये या विचाराला व्यवस्थित रूप दिले. समान परिस्थितीतील लोक सुरुवातीला असंघटित असले, तरी त्यांच्या हिताला धक्का बसला म्हणजे ते संघटित होतात, अशी ट्रुमन यांची धारणा होती. बहुलवादी सिद्धांताचा आशावाद या धारणेवर उभा आहे.

या आशावादाला अमेरिकेतूनच दोन मोठे आक्षेप घेण्यात आले. शाटश्नायडर यांनी १९६० मध्ये असे दाखवून दिले की, दबावाच्या या व्यवस्थेत सर्वांना सारखा प्रवेश नसतो. तिचा कल व्यापारी व वरच्या वर्गाकडे असतो. मॅन्सर ऑल्सन यांनी १९६५ मध्ये अधिक मूलगामी आक्षेप नोंदविला. लाभ सर्वांना मिळणार असेल, तर त्यासाठी झीज सोसण्याचे व्यक्तीला काही कारण उरत नाही. दुसरे लढतील आणि फळ मलाही मिळेल, असा विचार प्रत्येक जण करतो. म्हणून लहान गट लवकर संघटित होतात आणि मोठे गट, सभासदांना काही खास लाभ किंवा सक्ती असल्याशिवाय, असंघटितच राहतात, असे ऑल्सन यांचे प्रतिपादन होते.

भारताच्या संदर्भात लॉइड व सुझान रुडॉल्फ यांनी १९८७ मध्ये एक उपयुक्त भेद केला. कायमस्वरूपी कार्यालय, सभासदत्व व तज्ज्ञ असलेले संघटित हितसंबंधी गट एकीकडे, तर रस्त्यावर उतरून मागणी मांडणारे आणि आंदोलन संपल्यावर विरळ होणारे 'मागणी-गट' दुसरीकडे, अशी ही विभागणी आहे. मराठवाड्यातील राजकारण समजून घेताना हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो.

सोयाबीन : संख्या मोठी, प्रभाव अल्प :

ऑल्सन यांच्या मांडणीची कसोटी घेण्यासाठी सोयाबीनइतके चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. २०२१ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला सोयाबीनचे भाव क्विंटलला दहा हजार रुपयांच्या घरात पोहोचले होते. या भावामुळे पशुखाद्य महाग झाल्याची कुक्कुटपालन उद्योगाची तक्रार होती. त्या उद्योगाच्या मागणीनंतर केंद्र शासनाने त्याच महिन्यात १२ लाख टन जनुकीय सुधारित सोयापेंडीच्या आयातीस परवानगी दिली. नवीन पीक बाजारात येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आले. नवीन आवक हेही या घसरणीचे एक कारण होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु आयातीच्या निर्णयाची वेळ पाहता पेंड विकत घेणाऱ्यांचे म्हणणे शासनापर्यंत पोहोचले आणि बी पिकविणाऱ्यांचे पोहोचले नाही, असे म्हणावे लागते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'सेबी'ने सोयाबीनच्या वायदे व्यवहारांना स्थगिती दिली आणि पुढे तिची मुदत वाढविण्यात आली.

२०२४ चा अनुभव याहून बोलका आहे. २०२४-२५ या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला होता. दिवाळीच्या सुमारास मोंढ्यातील भाव त्यापेक्षा खाली, साधारणतः चार हजार ते साडेचार हजारांच्या दरम्यान राहिले. त्या वर्षीच्या १४ सप्टेंबरपासून केंद्र शासनाने कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के केले. नोव्हेंबरमध्ये, विधानसभेच्या मतदानाला काही दिवस उरले असताना, हमीभावाच्या खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करण्यात आली. प्रचारात सोयाबीनच्या भावाविषयीची आश्वासने दोन्ही आघाड्यांनी दिली. निवडणूक झाली. खरेदी केंद्रांवर बारदान्याअभावी खोळंबा झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या. आणि ३० मे २०२५ रोजी कच्च्या खाद्यतेलावरील आयातशुल्क पुन्हा २० वरून १० टक्क्यांवर आणण्यात आले.

शहरी ग्राहकाला तेल स्वस्त मिळावे, ही अपेक्षा गैर नाही. महागाई नियंत्रित ठेवणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. प्रश्न असा आहे की, निवडणुकीच्या आधी शुल्क वाढते आणि निवडणुकीनंतर ते कमी होते, तेव्हा मधल्या काळात शेतकऱ्यांच्या बाजूने सातत्याने बोलणारी संस्था कोणती? तेलगिरण्यांचे संघ आहेत, कुक्कुटपालकांचे संघ आहेत, मोंढ्यात आडत्यांची व हमालांची संघटना आहे. माल घेऊन येणारा शेतकरी मात्र एकटा येतो. ट्रॅक्टरचे भाडे, हंगामाची उधारी आणि रब्बीच्या पेरणीची निकड यांमुळे तो माल परत नेऊ शकत नाही. ट्रुमन यांच्या म्हणण्याप्रमाणे हिताला धक्का बसला की गट जागा होतो. येथे धक्का दरवर्षी बसतो, पण गट जागा होत नाही.

अमेरिकेतील सोयाबीन उत्पादक कसे संघटित झाले, हे येथे पाहण्यासारखे आहे. तेथील सोयाबीन उत्पादकांची राष्ट्रीय संघटना १९२० पासून अस्तित्वात आहे. १९९० च्या कायद्यान्वये पहिल्या विक्रीच्या वेळी मालाच्या किमतीच्या अर्धा टक्का रक्कम प्रत्येक उत्पादकाकडून घेतली जाते आणि ती संशोधन व बाजारविस्तारासाठी वापरली जाते. या निधीतून शासनावर दबाव आणण्याचे काम करता येत नाही. परंतु उत्पादकांची ओळख, त्यांची मंडळे व आकडेवारी यांतून निर्माण होते. २०१८ मध्ये चीनबरोबरच्या शुल्कयुद्धात तेथील सोयाबीनची निर्यात घटली, तेव्हा त्याच वर्षी आणि पुन्हा २०१९ मध्ये अमेरिकन शासनाने शेतकऱ्यांना थेट भरपाई दिली. आपल्याकडेही बाजार समिती शुल्क आकारतेच. परंतु त्यातून उत्पादकांची संघटना उभी राहत नाही.

ऊस आणि सोयाबीन : एकाच शेतकऱ्याची दोन रूपे :

शेतकरी संघटित होऊ शकत नाही, असा निष्कर्ष यावरून काढणे चूक ठरेल. लातूर जिल्ह्यात १९८० च्या दशकापासून विलासराव देशमुख यांच्या नेतृत्वाखाली मांजरा सहकारी साखर कारखान्याच्या रूपाने एक संघटित कृषी हितसंबंध उभा राहिला. ज्याच्याकडे विहीर किंवा कालव्याचे पाणी आहे, तो शेतकरी कारखान्याचा भागधारक असतो. त्याच्या उसाची नोंद होते, तोडीची पाळी ठरते, संचालक मंडळाच्या निवडणुकीत त्याला मत असते. ऑल्सन ज्याला सभासदाला मिळणारा खास लाभ म्हणतात, तो हाच. शिवाय १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार उसाची रास्त व किफायतशीर किंमत चौदा दिवसांत देण्याचे बंधन कारखान्यावर आहे. सोयाबीनच्या हमीभावाला असे बंधन नाही. शासकीय खरेदी झाली तर तो मिळतो, अन्यथा व्यापारी देईल तोच भाव.

याचा परिणाम केवळ भावापुरता नाही. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली, तेव्हा अवर्षणप्रवण जिल्ह्यात उसाला किती पाणी द्यावे, यावर देशभर चर्चा झाली. उसाचे क्षेत्र मर्यादित करावे, असे अनेक तज्ज्ञांनी वेळोवेळी सांगितले आहे. तरीही पाऊस झाला की ऊस वाढतो, कारण उसामागे कारखाना, कारखान्यामागे बँक आणि बँकेमागे राजकीय नेतृत्व अशी साखळी आहे. शेतकऱ्याने ऊस निवडणे हा अविचार नसून, ज्या पिकामागे संस्था आहे ते पीक निवडण्याचा व्यवहार आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला ही निवड उपलब्ध नाही. म्हणजे एकाच जिल्ह्यात, अनेकदा एकाच गावात, पाण्याची सोय असलेला शेतकरी संघटित आणि नसलेला असंघटित, अशी विभागणी झालेली दिसते. शाटश्नायडर यांनी अमेरिकेविषयी नोंदविलेला वरच्या वर्गाकडील कल येथे पाण्याच्या रूपाने प्रकट होतो.

संघटित लहान गटांचे यश :

लहान व सुसंघटित गट किती लवकर परिणाम घडवितात, याची उदाहरणे याच परिसरात आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेडच्या गुरुद्वारा व्यवस्थापनाशी संबंधित १९५६ च्या कायद्याऐवजी नवीन कायदा करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. शीख समाजाने नांदेडपासून पंजाबपर्यंत त्याला विरोध केला आणि तो विषय थांबविण्यात आला. समाज लहान आहे, पण त्याच्याकडे संस्था आहे आणि देशभर पसरलेले संपर्कजाल आहे.

दुसरे उदाहरण दोन शहरांच्या स्पर्धेचे आहे. २००९ मध्ये नांदेड येथे स्वतंत्र महसूल आयुक्तालय स्थापन करण्याचा निर्णय झाला, तेव्हा लातूरमध्ये त्याविरुद्ध तीव्र आंदोलन झाले. प्रकरण न्यायालयात गेले आणि प्रश्न रेंगाळला. २०१७ मध्ये मुंबई-लातूर रेल्वे बिदरपर्यंत नेण्यात आली, तेव्हाही लातूरकर रस्त्यावर आले. या दोन्ही प्रसंगी वकील, व्यापारी, प्रवासी व सर्व पक्षांचे स्थानिक कार्यकर्ते एकत्र होते. शहरी मध्यमवर्गाला आपली मागणी एका वाक्यात मांडता येते, निवेदन देता येते, न्यायालयात जाता येते. येथे ऑल्सन यांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे ठरते.

ज्याचे स्पष्टीकरण ऑल्सन देऊ शकत नाहीत :

तथापि मराठवाड्याच्या इतिहासात असे एक आंदोलन आहे की ज्यापुढे हा सिद्धांत अपुरा पडतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यातील अनेक गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळण्यात आली. नांदेड जिल्ह्यातील पोचीराम कांबळे यांना त्या हिंसाचारात प्राण गमवावे लागले. पुढे १९९३ मध्ये नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. या सोळा वर्षांत सहभागी झालेल्यांपैकी बहुतेकांकडे जमीन नव्हती, पैसा नव्हता, सत्तेतील स्थान नव्हते. नाव बदलल्याने कोणाच्याही हाती वैयक्तिक लाभ पडणार नव्हता. किंमत मात्र काहींनी जीव देऊन मोजली.

झीज व लाभ यांच्या हिशेबात हे बसत नाही. आंबेडकरी विचाराने सहभागालाच मूल्य दिले होते. लढणे हाच आत्मसन्मान होता. 'दुसरे लढतील, मी घरी बसतो' हा विचार तेथे लाजिरवाणा ठरत होता. म्हणजेच विचारप्रणाली ही केवळ मतांची मांडणी नसते, तर मोठ्या व साधनहीन समूहाला संघटित करणारी शक्ती असते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीविषयीही हेच म्हणता येते. बहुलवाद्यांनी विचारप्रणाली आणि हितसंबंध यांना दोन वेगळ्या प्रकरणांत टाकले, तेथेच त्यांच्या मांडणीत उणीव राहिली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या भूमीत विचारप्रणालीचा वारसा दुर्बळ नव्हता. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील मुक्तिसंग्राम, गोविंदभाई श्रॉफ यांचा डावा विचार आणि पुढे मराठवाडा जनता विकास परिषदेचे कार्य, कंधारच्या भाई केशवराव धोंडगे यांचा शेतकरी कामगार पक्ष ही त्याची ठळक रूपे होत. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनाने 'अनुशेष' या शब्दाला राजकीय वजन मिळवून दिले; १९८४ मध्ये दांडेकर समितीने तो मोजला आणि १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली, तेव्हा तिच्या वाढीसाठी मोठे जनआंदोलन उभे राहिले नाही. मागणीला संस्थेचे रूप मिळाले आणि संस्थेबरोबर मागणीही मंदावली.

शेतकऱ्यांच्या बाबतीत विचारप्रणालीची ही उणीव शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८० च्या दशकात काही काळ भरून काढली. शेतमालाचा भाव हा दयेचा नसून हक्काचा प्रश्न आहे, हे त्यांनी कोरडवाहू शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सांगितले. परंतु संघटनेत पुढे फुटी पडल्या. अनेक कार्यकर्ते निरनिराळ्या पक्षांत गेले. लातूरचे पाशा पटेल संघटनेतून भारतीय जनता पक्षात आले आणि पुढे राज्य कृषिमूल्य आयोगाचे अध्यक्ष झाले. यात व्यक्तीला दोष देण्याचा हेतू नाही. ज्या चळवळीला स्वतःची कायम संस्था नसते, तिच्या कार्यकर्त्याला काम करण्यासाठी पक्षाचाच आश्रय घ्यावा लागतो.

जात : तयार असलेली संघटना :

मग सोयाबीन उत्पादकाची अस्वस्थता जाते कोठे? २०१६ चे मराठा क्रांती मोर्चे आणि १ सप्टेंबर २०२३ रोजी अंतरवाली सराटी येथील लाठीमारानंतर मनोज जरांगे यांच्या नेतृत्वाखाली पसरलेले आंदोलन यांतून या प्रश्नाचे एक उत्तर मिळते. या आंदोलनाला नांदेड व लातूरच्या ग्रामीण भागातून मोठा प्रतिसाद मिळाला. सभासद नोंदणी, वर्गणी व कार्यालय यांवाचून एवढी माणसे एकत्र येऊ शकली, कारण सोयरीक, भावकी आणि गाव यांचे जाळे आधीच तयार होते. ऑल्सन ज्या संघटनखर्चाविषयी बोलतात, तो खर्च जातीने कित्येक पिढ्या आधीच केलेला असतो. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटच्या आधारे कुणबी नोंदींविषयीचा शासन निर्णय निघाला. त्यानंतर बंजारा समाजाने त्याच गॅझेटचा आधार घेऊन अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी केली, तर इतर मागासवर्गीयांनी आपल्या वाट्याविषयी चिंता व्यक्त केली.

येथे सावधगिरी आवश्यक आहे. आरक्षणाची मागणी म्हणजे सोयाबीनच्या भावाची मागणी वेषांतर करून आलेली आहे, असे म्हणणे सुलभीकरण होईल. शिक्षण, नोकरी व सामाजिक स्थान यांविषयीचे तिचे स्वतःचे युक्तिवाद आहेत आणि ते स्वतंत्रपणे तपासले पाहिजेत. परंतु शेती परवडत नाही म्हणून मुलाला नोकरी हवी, हे वाक्य आंदोलनात सहभागी झालेल्या कोणत्याही गावात ऐकू येते. एकाच बांधाला लागून असलेले मराठा, धनगर, लिंगायत, बंजारा व दलित शेतकरी मोंढ्यात एकाच भावाने नाडले जातात. मोर्चात मात्र ते वेगवेगळ्या झेंड्यांखाली, कधी एकमेकांच्या विरोधात उभे असतात. जो हितसंबंध त्यांना जोडू शकला असता त्याला संस्था नाही, आणि ज्या ओळखीला संस्था आहे ती त्यांना विभागते. आपल्या ग्रामीण राजकारणाची ही सर्वांत मोठी हानी आहे.

लोकमत : २०२४ चे दोन कौल :

लोकमत मोजणे किती अवघड आहे, याचा धडा अमेरिकेला १९३६ मध्ये मिळाला. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने वीस लाखांहून अधिक मतपत्रिका गोळा करून रूझवेल्ट यांच्या पराभवाचे भाकीत केले आणि रूझवेल्ट प्रचंड बहुमताने विजयी झाले. नमुना मोठा होता. पण त्यात दूरध्वनी व मोटार असणाऱ्यांचा भरणा अधिक होता. भारतातही २०२४ च्या लोकसभा निवडणुकीचे बहुतेक मतदानोत्तर अंदाज चुकले.

नांदेडचा अनुभव तर अभ्यासकाला अंतर्मुख करणारा आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचे वसंतराव चव्हाण सुमारे ५९ हजार मतांनी विजयी झाले. लातूरमधून त्याच पक्षाचे डॉ. शिवाजी काळगे सुमारे ६२ हजार मतांनी निवडून आले. मराठवाड्यातील आठपैकी सात जागा महाविकास आघाडीने जिंकल्या. ऑगस्टमध्ये वसंतराव चव्हाण यांचे निधन झाले आणि २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेबरोबरच लोकसभेची पोटनिवडणूक झाली. त्या दिवशी लोकसभेसाठी काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी विजयी झाले. परंतु त्याच मतदारसंघातील सहाही विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या. लातूर जिल्ह्यातही सहापैकी पाच जागा महायुतीकडे गेल्या.

फिलिप कन्व्हर्स यांनी १९६४ मध्ये असे म्हटले होते की, सुसंगत विचारप्रणाली मोजक्याच मतदारांकडे असते. त्यांच्या दृष्टीने नांदेडचा हा कौल विसंगत ठरेल. मात्र एकाच खोलीत, एकाच वेळी दोन यंत्रांवर दोन वेगळी बटणे दाबणाऱ्या मतदाराला अज्ञानी म्हणणे योग्य नाही. दिवंगत खासदाराविषयीची सहानुभूती, उमेदवाराची स्थानिक ओळख, जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये, जातीय समीकरणे अशा अनेक गोष्टी त्याने स्वतंत्रपणे तोलल्या असाव्यात. या यादीत सोयाबीनचा भावही असणार. पण तो अनेकांपैकी एक. मतपत्रिकेवर भावाचे वेगळे बटण नसते. म्हणूनच लोकसभेला प्रकट झालेली नाराजी सहा महिन्यांत, भाव हमीभावाच्या खाली असतानाही, दुसऱ्या दिशेला वळू शकली. लोकमताला दिशा आणि सातत्य देण्याचे काम संघटना करते. ती नसेल तर लोकमत निवडणुकीपुरते उरते.

निष्कर्ष :

१) हितसंबंध दुखावले की गट आपोआप उभा राहतो, हे बहुलवादी गृहीतक नांदेड-लातूरच्या कोरडवाहू शेतकऱ्यांबाबत खरे ठरत नाही. ऑल्सन यांचा आक्षेप येथे अधिक लागू पडतो.

२) ऊस व सोयाबीन यांची तुलना असे दर्शविते की, संघटनक्षमता शेतकऱ्याच्या स्वभावावर नव्हे, तर पिकामागे उभ्या असलेल्या संस्थेवर व कायदेशीर संरक्षणावर अवलंबून असते.

३) नामांतर आंदोलनाने दाखवून दिले की, साधनहीन समूहही विचारप्रणालीच्या बळावर दीर्घकाळ संघटित राहू शकतो. म्हणून विचारप्रणाली व हितसंबंधी गट ही दोन प्रकरणे स्वतंत्रपणे न शिकविता एकत्र शिकविली पाहिजेत.

४) व्यावसायिक संघटनेच्या अभावी ग्रामीण असंतोष जातीच्या तयार जाळ्यातून व्यक्त होतो. जात हा दबावगटांच्या यादीतील शेवटचा उपप्रकार नसून आपल्याकडील संघटनप्रक्रियेचा पाया आहे, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांनी स्पष्टपणे सांगितली पाहिजे.

५) विचारप्रणाली सहभागाचे कारण देते, लोकमत संधी देते आणि संघटना सातत्य देते. सोयाबीन उत्पादकाला यांपैकी फक्त संधी मिळते, तीही पाच वर्षांतून एक-दोनदा.

६) गावपातळीवरील उत्पादक कंपन्या, गोदाम तारणाची सोय आणि बाजार समितीच्या शुल्कातून उत्पादकांच्या प्रतिनिधित्वासाठी ठरावीक तरतूद, या मार्गांनी जातिनिरपेक्ष उत्पादक संघटनेचा पाया घालता येईल. यांतील कोणताही उपाय एकट्याने पुरेसा नाही; परंतु माल काही आठवडे थांबवून ठेवण्याची ताकद आली, तरी मोंढ्यातील शेतकऱ्याचा एकटेपणा काही अंशी कमी होईल.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आता अधिक नेमकेपणाने देता येते. त्याचे वडील शेतकऱ्यांच्या दबावगटात बसत नाहीत, कारण तसा गट अद्याप तयार झालेला नाही. पाठ्यपुस्तकात तो आहे असे शिकवून आपण त्याच्या वडिलांची अडचण अदृश्य करतो. अमेरिकन सिद्धांत टाकून द्यावेत, असे येथे सुचवायचे नाही. त्या सिद्धांतांतील टीकाकारांची बाजू आपल्या विद्यार्थ्यांना आपल्याच मोंढ्याच्या, कारखान्याच्या आणि मोर्चाच्या उदाहरणांतून समजावून सांगावी, एवढीच अपेक्षा आहे.